शेवटच्या दृश्यातला हेरिंग

१

शेवटी चोर सापडला, चोराने कॅप्टन दोरोनिनला पोटभर जेवू घातलं, आणि दोरोनिनने अहवालात लिहिलं की चोरी झालीच नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. या गोष्टीत एक चित्रपट आहे. त्याच्या पहिल्या भागात नायक चार गोळ्या लागून बर्फात मेला होता. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच दृश्यात तोच नायक खिडकीशी उभा राहून दाढी करणार होता. हे पेपरात छापून आलं, तरी अख्ख्या देशात कुणी तक्रार केली नाही. तेव्हा तुम्हीही जरा सांभाळून घ्या.

तर, चोरी अजून उघडकीला यायची आहे. १९९९ चा ऑक्टोबर, शुक्रवार सकाळ. निझ्नी उस्तोव गावात तीन दिवस पाऊस आणि चिखल एकमेकांना ओळखू येत नव्हते, आणि घरं गरम करणारे नळ अजून नगरपालिकेने सोडले नव्हते. पोलीस ठाण्याचा अर्धा भाग एका इटालियन सोफ्यांच्या दुकानाला भाड्याने दिला होता. त्यामुळे कॅप्टन मात्वेय इलिच दोरोनिन प्लास्टिकच्या वेष्टनातल्या, किमतीची चिठ्ठी लटकणाऱ्या सोफ्यावर बसून काम करत असे. वेष्टन काढायची परवानगी नव्हती. कुणी खोटं बोलायला लागलं की प्लास्टिक करकरायचं. त्या दृष्टीने सोय होती.

फोन वाजला.

"पोलीस? मी मॉस्कोहून बोलतेय, फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेतून. तुमच्या गावाहून एक डबा आलाय. त्यात मासा आहे."

"जिवंत?" दोरोनिनने विचारलं.

"खारवलेला. हेरिंग. आम्ही डबे काळोखात उघडतो हो, काळोखात माणूस हातानं बघतो. मी आत हात घातला आणि…" बाईंचा आवाज कापला. "एकोणीस वर्षांची नोकरी आहे माझी. मला वाटलं, कुणाची तरी जीभ आहे."

"डबा कसा आहे?"

"फिल्मचाच. वर पेनानं लिहिलंय, 'शेवटचं दृश्य.' कडेनं निळी चिकटपट्टी. मी आधी तुमच्या दिग्दर्शकांना फोन केला, तर त्यांना अटॅक आला म्हणे."

दिग्दर्शक खरोखरच हॉस्पिटलात दाखल झाला आणि या गोष्टीतून बाहेर पडला.

"तो मासा जपून ठेवा. पुरावा आहे," दोरोनिन म्हणाला.

पलीकडे बाईंनी घसा खाकरला.

"आज आमच्या अकाउंटंटचा वाढदिवस होता," बाई म्हणाल्या.

"किती शिल्लक आहे?"

"एक तमालपत्र. पण साहेब, खरं सांगू का? फार सुंदर झाला होता. एक काटा लागला नाही."

२

त्या डब्यात काय असायला हवं होतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं, कारण बुधवारी दुपारी सगळं गाव तिथे उभं होतं.

गावातला यंत्रांचा कारखाना सहा वर्षं बंद होता, पण त्याचं साठ मीटर उंच धुरांडं उभं होतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी ते धुरांडं नायकाच्या अंगावर कोसळतं आणि तो मरतो, आणि या वेळी खरोखर मरतो, असं ठरलं होतं. धुरांडं एकच असल्यामुळे दृश्यही एकदाच घेता येणार होतं. सुरुंग लागले, धुरांडं गुडघ्यात वाकल्यासारखं झालं आणि खाली बसलं. तिथे तीस-तीस वर्षं राबलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, कारण भोंग्यावरून तसं सांगण्यात आलं होतं. मग सगळे घरी गेले आणि गाव अचानक बुटकं दिसायला लागलं.

आता फिल्म नव्हती आणि धुरांडंही नव्हतं.

चित्रपटाला पैसा पुरवला होता ग्लेब आर्काद्येविच पोलोझोवने. पोलोझोव ग्रॅनाइटची थडगी बनवायचा. त्याआधी थडग्यांना गिऱ्हाईक पुरवायचा, असं लोक म्हणत, पण हळू आवाजात. दोरोनिन त्याच्या आवारात पोचला तेव्हा पोलोझोव जेवत होता, आणि समोर बसलेला एक राक्षसासारखा माणूस चिमट्याने माशातले काटे काढून देत होता.

"बसा, मात्वेय इलिच. माझ्यासाठी तीन जण तुरुंगात गेले, पण नीट काटे काढणारा एक मिळाला नाही." पोलोझोवने तोंडातून एक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. राक्षसाने मान खाली घातली. "लहानपणी अडकला होता घशात. तेव्हापासून भीती वाटते. हसू नका."

"हसत नाहीये."

"छान. कॅमेरामन रोदिओन काशिन माझ्याकडे पाहुणा आहे. फिल्म त्यानं डब्यात भरली, डबा त्यानं स्टेशनवर दिला. तो म्हणतो, मला माहीत नाही. मी म्हटलं, आठव, घाई नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत आठव."

"आणि बारानंतर?"

पोलोझोवने खिडकीकडे हनुवटी केली. बाहेर पावसात एक नवा काळा दगड उभा होता. त्यावर रोदिओनचा हसरा चेहरा कोरलेला होता, गळ्यात कॅमेरा. खाली लिहिलं होतं: रोदिओन काशिन, १९५५, आणि एक आडवी रेघ. रेघेपुढची जागा कोरी होती.

"कारागीर हुशार आहे माझा," पोलोझोव म्हणाला. "आकडे कोरायला त्याला दहा मिनिटं लागतात."

दोरोनिनने पाहुण्याला घरी पाठवायला सांगितलं. पोलोझोवने विचारलं, तुमच्या जीपमध्ये पेट्रोल आहे का? नव्हतं. दोघांनाही ते माहीत होतं, म्हणून हा विषय तिथेच संपला.

३

रोदिओन दगड पॉलिश करायच्या खोलीत पेटीवर बसून चहा पीत होता. चहाची त्याला फारशी सवय नव्हती.

"माझा फोटो कुठून घेतला, माहितेय? माझ्याच पासपोर्टावरून. मी तिथं हसलो नव्हतो. हसू त्यांनी घातलं."

"डब्याचं सांग."

"बुधवारी दोनला फिल्म काढली, काळ्या पिशवीत हात घालून, उजेड न लागू देता. उजेड लागला की गेली. डब्यात घातली, काळी चिकटपट्टी लावली. वर लिहिलं. मग सांस्कृतिक भवनातल्या कपड्यांच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. सहाला उचलली आणि मॉस्कोच्या गाडीवर झिनाइदाच्या हातात दिली."

"पट्टी काळी होती?"

"काळी. का?"

"मॉस्कोला पोचली तेव्हा निळी होती. सहा वाजता बघितली नाहीस?"

"सहा वाजता मी," रोदिओन अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, "डबासुद्धा दोन बघत होतो."

म्हणजे डबा तोच, अक्षर तेच. फक्त आतला ऐवज बदलला होता. खोलीच्या किल्ल्या तीन: एक रोदिओनकडे, एक नायकाचं काम करणाऱ्या इनोकेन्ती लाद्निनकडे आणि एक कपड्यांची देखभाल करणाऱ्या ग्रुन्या मावशीकडे. आणि त्यानंतरचे अकरा तास झिनाइदाकडे.

झिनाइदा मॉस्कोच्या रेल्वेगाडीत सात नंबरच्या डब्याची कंडक्टर. टपालावर भरवसा नसल्यामुळे सगळं गाव मॉस्कोला पाठवायची चीज तिच्या हातात देत असे. शनिवारी सकाळी गाडी परत आली तशी ती थेट ठाण्यात आली आणि सोफ्यावर बसली. प्लास्टिक करकरलं नाही.

"मी नेलेलं ऐका, साहेब. लग्नाचे झगे, कुत्र्याची पिल्लं, एकदा तर एका आजोबांची राख नेली मी, आणि वर त्यांना खालचा बर्थ दिला. माझ्याकडनं कधी सुई हरवली नाही!"

"तुम्ही गाडीत हेरिंग विकता, झिनाइदा पेत्रोव्ना."

"विकते. मग? पगारात काय मिळतं ते विचारा."

"डब्यात हेरिंग होता."

"काटे होते का त्यात?"

"नव्हते."

"झालं तर!" झिनाइदा उभी राहिली. "मी काय वेडी आहे काटे काढायला? बेचाळीस पॅसेंजर, दोन संडास, चहाच्या पाण्याचा एक समोवार. ज्याला खायचंय तो काढेल स्वतः. माझा मासा असता ना, तर तुमची ती मॉस्कोवाली बाई आत्ता हॉस्पिटलात असती."

बोलणं उद्धट होतं, पण त्यात एक खिळा होता आणि तो दोरोनिनच्या डोक्यात जाऊन बसला. चोराला डब्यात नुसतं वजन हवं होतं. मग काटे कुणासाठी काढले?

४

सांस्कृतिक भवनाच्या दर्शनी भिंतीवर क्रांतीचं मोझेक होतं आणि त्याच्यावर 'अटलांटिस कॅसिनो' अशी पाटी. मोझेकमधला कामगार हात उंचावून सरळ पाटीकडे बोट दाखवत होता. सोनेरी भविष्य सापडल्यासारखा.

कपड्यांची खोली मागच्या बाजूला होती. तिथे लाद्निन नायकाच्या कातडी कोटात पाय गुंडाळून आडवा झाला होता, कारण हॉटेलात याहून थंडी होती. दोरोनिन आत शिरताना वाया गेलेल्या फिल्मच्या भेंडोळ्यांवर अडखळला. कोपऱ्यात त्यांचा ढीग पडला होता, पोतंभर.

"इनोकेन्ती सव्विच, तुम्हाला मरायचं नव्हतं, असं ऐकलं."

"कुणाला असतं?" लाद्निन उठून बसला. पडद्यावर तो सहा फुटी वाटायचा. प्रत्यक्षात अभिनय करत होता. "मेलो तर तिसरा भाग नाही. तिसरा भाग नाही तर मी पुन्हा मुलांच्या नाटकात ससा. बेचाळीस वर्षांचा ससा, कॅप्टन! मी पाया पडलो दिग्दर्शकांच्या. म्हटलं, एकदा मारलंत ना मला? लोक रडले ना? आता पुन्हा कशाला?"

"पहिल्या वेळी जिवंत कसं केलं तुम्हाला?"

"अहो, सगळ्यात सोपं दृश्य होतं! इथल्याच नोंदणी कार्यालयात घेतलं. मी खिडकीपाशी जातो. बाईला म्हणतो, 'माझ्या मृत्यूच्या दाखल्यात चूक झालीय.' बाई माझ्याकडे बघते, दाखल्याकडे बघते, म्हणते, 'खरंच की,' आणि शिक्का मारते: रद्द. चाळीस सेकंद. ती बाईसुद्धा खरीच, तिथलीच कारकून. लेखकाला म्हटलं, लोकांना हे पटेल? तो म्हणाला, का नाही? इथं सगळेच एकदा मेलेत. पक्षाचा जिल्हा सचिव मेला आणि बँकेचा मॅनेजर होऊन उठला. तुमचं हे भवन मेलं आणि जुगाराचा अड्डा होऊन उठलं. शिक्का मारणारी बाई भेटायला हवी, बस."

"बुधवारी दोन ते सहा कुठे होता?"

"धुरांड्याखाली मेलो होतो ना! मग कॅसिनोत. पन्नास लोकांबरोबर फोटो काढले. विचारा. मला चोरायची होती हो," तो एकदम केविलवाणा होऊन म्हणाला, "पण धाडस झालं नाही. मी फक्त पडद्यावरच तसा आहे."

"कुणाला धाडस झालं असेल?"

उत्तर मिळायच्या आत दार उघडलं आणि आत एक इस्त्री आली. तिच्यामागे एक बारीक म्हातारी होती.

"पाय काढ कोटातून," म्हातारी लाद्निनला म्हणाली. "आत्ताच सरळ केला होता. आणि हे कोण? पोलीस? बाई गं, किती वाळलाय. बायको नाही वाटतं?"

"होती," दोरोनिन म्हणाला.

"दिसतंच आहे."

५

अग्राफेना येगोरोव्ना त्युरिना, म्हणजेच ग्रुन्या मावशी. कारखान्याच्या खानावळीत एकतीस वर्षं स्वयंपाक केला, कारखाना गेल्यावर इथे इस्त्री. हे दोरोनिनला ठाऊक होतं. तिच्या मुलाचंही ठाऊक होतं, कारण गावात ते न ठाऊक असणारा कुणी नव्हता. लेन्या त्युरिन, पोलोझोवचा बालमित्र, ९४ साली जानेवारीत पोलोझोवच्या दारात चार गोळ्या लागून बर्फात मेला. पहिला भाग त्याच्यावरच बेतला होता. गावच्या दफनभूमीत त्याचा दगड सगळ्यात मोठा होता, पोलोझोवने बसवलेला. दगडावर लेन्या ट्रॅकसूट घालून उभा होता, हातात गाडीची किल्ली. गाडी त्याच्याकडे कधीच नव्हती.

"किल्ली माझ्याकडेच असते," मावशी म्हणाली. "पण बाळा, बुधवारी मी दुपारभर इथं इस्त्री करत होते. कुणी आलं नाही. कुणी आलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

"धुरांडं पाडताना बघायला गेला नाहीत?"

"त्यात बघण्यासारखं काय? एकदा बघितलंय मी."

दोरोनिनला वाटलं ती धुरांड्याबद्दल बोलतेय. पण धुरांडं तर एकदाच पडलं होतं. त्याने हे वहीत लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

जाताना तिने त्याच्या हातात इनॅमलचा एक वाडगा कोंबला, वर फडकं बांधलेलं. आत पिरोगी होते, कोबीचं सारण भरून भाजलेले, अजून गरम. "खा. आणि वाडगा आणून दे, दुसरा नाहीये."

त्याने चारही पिरोगी ठाण्यापर्यंत पोचायच्या आत संपवले आणि मग त्याला अपराधी वाटलं. साक्षीदाराकडून काही खाऊ नये असा नियम होता. पण मॉस्कोत तर पुरावाच खाल्ला होता.

६

रविवारी सकाळी पोलोझोवच्या आवारातून छिन्नीचा आवाज येत होता. दोरोनिन धावत गेला. कारागीर म्हणाला, घाबरू नका, अजून तारीख नाही, नुसती फुलं काढतोय. रोदिओनने स्वतः सांगितलं होतं, गुलाब नकोत, डेझी काढा. तो रडत होता आणि तक्रारही करत होता की पाकळ्या जाड झाल्यात.

चोवीस तास उरले होते.

घरी येऊन दोरोनिनने थंड पाण्याने वाडगा धुतला, पुसला, कोट चढवला. मावशीला विचारायला एक प्रश्न होता आणि वाडगाही द्यायचा होता. वाडगा काखेत मारून तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

रिकामा वाडगा कसा न्यायचा?

कुणी त्याला हे शिकवलं नव्हतं. आई कधी रिकामं देत नसे, आजी देत नसे, चाळीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत कुणीच कुणाचं भांडं रिकामं परत करत नसे. दुष्काळातसुद्धा एक कांदा घालत. घरात काय आहे ते त्याने पाहिलं. अर्धं पाकीट चहा, मोहरी आणि साखरेचे खडे. त्याने साखर वाडग्यात ओतली. खडे इनॅमलवर खडखडले, आणि तो तसाच उभा राहिला, हातात रिकामं पाकीट घेऊन.

प्लास्टिकच्या सोफ्यावर तीन दिवस जे सुचलं नव्हतं, ते स्वयंपाकघरात आपोआप मांडलं गेलं.

चित्रपटवाल्याने डबा लुटला असता तर त्यात काय भरलं असतं? फिल्म. त्याच खोलीत पोतंभर वाया गेलेली फिल्म पडली होती. ती भरली असती तर धुऊन होईपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता, आणि लागला असता तरी प्रयोगशाळेवर ढकलता आलं असतं. लाद्निन त्याच ढिगाशेजारी झोपत होता. रोदिओनने तर तो ढीग केला होता. त्या दोघांच्या लेखी तो फिल्मचा डबा होता. झिनाइदाचा मासा असता तर काट्यांसकट असता.

हेरिंग भरणाऱ्या माणसाला तो फिल्मचा डबा दिसलाच नव्हता. त्याला एक भांडं दिसलं होतं. दुसऱ्याचं भांडं, ज्यातलं आपण काढून घेतलं आणि जे आता परत जाणार होतं. आणि ते कुणीतरी उघडणार, खाणार, तेव्हा काटा लागू नये.

दोरोनिनने साखरेचा एक खडा तोंडात टाकला, वाडग्यावर फडकं बांधलं आणि बाहेर पडला. इतका नीट पुरावा त्याला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो मिळाला नसता तर बरं झालं असतं, असं त्याला जिना उतरेपर्यंत वाटत राहिलं.

७

ग्रुन्या मावशीने फडकं सोडलं, साखर पाहिली आणि मग दोरोनिनकडे पाहिलं.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"हो, मावशी."

"बस. आधी जेव."

तो जेवला. बटाटे होते, काकडीचं लोणचं होतं आणि हेरिंग होता. काटा एकही नव्हता.

"फिल्म कुठंय?"

तिने फळीवरून एक बरणी काढली. टोमॅटोची बरणी आणि काकडीची बरणी यांच्यामध्ये ती उभी होती, झाकण लावलेली, आणि आत फिल्मचं भेंडोळं होतं. करड्या, दुधाळ रंगाचं.

"मला फक्त बघायचं होतं," मावशी म्हणाली. "तो दुसऱ्यांदा कसा मरतो ते. पहिल्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. कुणी सांगायला आलं तेव्हा झालं होतं सगळं; बघितलं ते नुसतं पडद्यावर. या वेळी म्हटलं, आधी बघते. फार वाईट असेल तर देत नाही. घरी घेऊन आले, खिडकीपाशी उजेडात धरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडली." तिने बरणीवरून हात फिरवला. "त्यात कुणीच नव्हतं रे. ना तो मेलेला, ना जिवंत. कुणीच नाही."

उजेड लागला की गेली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोरोनिननेही सांगितलं नाही.

"मग डबा परत न्यायचा होता," ती म्हणाली. "लोकांचा डबा. मॉस्कोला जाणार म्हणाला रोद्या. लांबून येईल, त्या पोरी उघडतील, आणि आत काही नाही? बरं दिसतं का?"

"तुम्ही ती कारकुनीण बघितली होती," दोरोनिन हळूच म्हणाला. "दाखला रद्द करते ती. चित्रपटातली."

"त्या दिवशी मीच त्या नटाचा सदरा धरून उभी होते ना. चाळीस सेकंद लागले. दुसऱ्या दिवशी मी गेले लेन्याचा दाखला घेऊन. तीच बाई, तीच खिडकी. म्हटलं, ह्याच्यातही चूक झालीय. चूकच होती, मात्वेय. त्या गोळ्या ग्लेबसाठी होत्या. लेन्यानं त्याचं जाकीट घातलं होतं. मीच म्हटलं होतं, घाल, गारठा आहे."

बाहेर कुणीतरी गालिचा बडवत होतं. बराच वेळ बडवत होतं.

"ती बाई काय म्हणाली?"

"चांगली आहे बिचारी. म्हणाली, मावशी, असं तोंडी नाही होत. लेखी अर्ज आणा." ती उठली, ताट उचललं. "मला ती भाषा येत नाही. तू पोलिसात आहेस. आता मला नेशील का?"

"रोदिओनचा दगड तयार झालाय, मावशी. उद्या दुपारी बाराला…"

ताट तिच्या हातातून सुटलं नाही, पण ती खाली बसली. "रोद्याचा? मला कुणी बोललं नाही. चल, मी सांगते ग्लेबला. मारू दे मला."

"तुम्ही इथंच थांबा," दोरोनिन म्हणाला. पुढे काय करायचं ते त्याला अजिबात सुचलेलं नव्हतं.

८

सोमवारी पावणेबाराला पोलोझोव दगडासमोर छत्री धरून उभा होता. कारागीर छिन्नी पुसत होता. रोदिओन दोघांच्या मध्ये उभा होता आणि स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत होता.

"चोरी झालेली नाही," दोरोनिन म्हणाला. "मी अहवाल लिहिलाय. फिल्मला उजेड लागला. मॉस्कोत घोटाळा झाला, डबे बदलले. असं होतं."

"मात्वेय इलिच," पोलोझोव शांतपणे म्हणाला, "मी थडगी विकतो. लोक माझ्यासमोर रोज खोटं बोलतात. फार चांगला माणूस होता म्हणतात. नाव सांगा."

"नाव नाही."

"मग आकडे कोरायला लावतो."

कारागिराने छिन्नी दगडावर टेकवली. पाऊस छत्रीवर वाजत राहिला.

"एक सांगा," पोलोझोव अचानक म्हणाला. "तो मासा. काटे होते?"

दोरोनिनला खोटं बोलता आलं असतं. पण सोफ्यावर बसून इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं ऐकल्यामुळे ते त्याला स्वतःला नीट जमत नसे.

"नव्हते."

"आणि तमालपत्र?"

"एक."

पोलोझोवची छत्री थोडी खाली आली. पाणी त्याच्या कॉलरवर पडायला लागलं. त्याने ती सरळ केली नाही.

"काटा अडकला होता ना माझ्या घशात," तो म्हणाला, "सात वर्षांचा होतो. त्या दिवसापासून ती आम्हा दोघांचा मासा स्वतः निवडून द्यायची. आधी माझा. लेन्या चिडायचा, की आई, मुलगा मी आहे." तो थांबला. "पाच वर्षं झाली, मी त्या जिन्यावर चढलेलो नाही. दगड बसवला. सिनेमा काढला. जिना मात्र नाही जमला."

कारागिराने छिन्नी खाली ठेवली. राक्षसासारखा माणूसही टोपी काढून उभा होता, हे कशाबद्दल चाललंय ते न कळता.

"धुरांडं पडलं, तो मेला की नाही, ते दिसतच नाही मग," पोलोझोव शेवटी म्हणाला. "फिल्मच नाही. म्हणजे मेला नाही."

"तसंच म्हणावं लागेल."

"तिसऱ्या भागात त्याला म्हातारा करा. टक्कल पाडा. गुडघे दुखू देत." तो वळला. "रोदिओन, घरी जा. दगड घेऊन जा, तुझं नाव आहे त्यावर, दुसऱ्याच्या काय कामाचा."

रोदिओनने दगड खरोखरच नेला. पुढे कित्येक वर्षं तो त्याच्या अंगणात उभा होता आणि पाहुणे आले की रोदिओन म्हणायचा, पाकळ्या जाड झाल्यात, नाहीतर काम चांगलं आहे.

दोरोनिन ठाण्यात परत आला. सोफा विकला गेला होता. तो जमिनीवर बसला, गुडघ्यांवर कागद ठेवला आणि त्याला येणाऱ्या एकमेव भाषेत लिहायला लागला. संध्याकाळी ग्रुन्या मावशीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं, खाली सही केली आणि विचारलं, "आता होईल ना?"

"नियमाप्रमाणे तीस दिवसांत उत्तर येतं," दोरोनिन म्हणाला.

अर्ज असा होता:

प्रति,
प्रमुख, नागरी नोंदणी कार्यालय, निझ्नी उस्तोव.

अर्जदार: अग्राफेना येगोरोव्ना त्युरिना, निवृत्त स्वयंपाकीण.

विषय: मृत्यूचा दाखला रद्द करणेबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, माझा मुलगा लिओनिद त्युरिन, जन्म १९६६, याच्या नावे जानेवारी १९९४ मध्ये मृत्यूचा दाखला देण्यात आला आहे. सदर मृत्यू दुसऱ्या व्यक्तीकरिता होता व तो जाकीट बदलल्यामुळे चुकून माझ्या मुलास लागू झाला. आपल्याच कार्यालयात, याच खिडकीवर, अशाच स्वरूपाची चूक या वर्षी सप्टेंबर महिन्यात चाळीस सेकंदांत दुरुस्त करून देण्यात आल्याचे अर्जदाराने समक्ष पाहिले आहे. दुसऱ्या मृत्यूचा कोणताही पुरावा अस्तित्वात नाही, असे पोलिसांचे म्हणणे आहे.

सोबत: मूळ दाखला एक, छायाचित्रे दोन, डबा एक (रिकामा नाही).

तरी वरील बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन सदर मृत्यू रद्द करण्यात यावा, आणि मुलास हिवाळ्यापूर्वी घरी येण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.